मध्ययुगीन नगराचे मोठे उत्खनन: मातीतला क्रम कसा सोडवावा

मध्ययुगीन नगराखालची माती शतकानुशतके उकरली गेलेली असते. एकाच भूखंडावर चार-पाचशे वर्षे घरे बांधली, पाडली, पुन्हा बांधली. मागच्या अंगणात कचऱ्याचा खड्डा, शेजारी शौचकूप, तो भरला की दुसरा, आणि दोन्हींच्या कडा छेदून गेलेली विहीर. पुढे दगडाची चणचण भासली तेव्हा जुन्या भिंतींचे पायेसुद्धा उपसून नेले. अशा जागी वस्तू पोत्यांनी सापडतात. काम अडते ते आधी काय झाले आणि नंतर काय, इथे. खालची सगळी पद्धत त्या एका अडचणीभोवती रचलेली आहे.

फावडे लावण्याआधी

जुने नकाशे, जमिनीचे दस्त, कराच्या नोंदी, आगी आणि पुरांचे उल्लेख जमवा. नगरातल्या भूखंडांच्या हद्दी विलक्षण चिवट असतात. घरे बदलतात, मालक बदलतात, पण दोन भूखंडांमधली रेषा बहुधा जागची हलत नाही. ही हद्द आजच्या नकाशावर चढवून ठेवली, तर पुढे मातीत दिसणारी खुंटांच्या भोकांची रांग घराची की कुंपणाची, हे ठरवणे सोपे जाते.

त्यानंतर नासलेल्या जागांचा नकाशा करा. अलीकडची तळघरे, गटारे, टाक्या, काँक्रीटचे पाये यांची जागा आणि तळाची खोली लिहून काढा. तीन मीटर खोल तळघराखाली जुन्या विहिरींचे आणि खोल शौचकूपांचे बुंधे तेवढे उरतात. तिथे माणसे लावायची ती फक्त त्या बुंध्यांसाठी.

ओसाड पडलेल्या नगरस्थळावर मॅग्नेटोमीटर (जमिनीतल्या चुंबकीय फरकांचे मोजयंत्र) भट्ट्या, चुली आणि भरलेले खड्डे चांगले दाखवतो. वस्तीतल्या शहरात लोखंडी नळ, तारा आणि कुंपणे त्याला आंधळे करतात. तिथे जमीनभेदी रडार बरे, पण ओल्या चिकणमातीत तेही फार खोल पोचत नाही. यंत्रांनी काहीच दाखवले नाही म्हणून खाली काही नाही, असा निष्कर्ष काढू नका. लाकडी घराच्या पातळ जमिनी यापैकी कुठल्याच यंत्राला नीट दिसत नाहीत.

मग चाचणी चर घ्या: दीड ते दोन मीटर रुंद, एकूण क्षेत्राच्या 2 ते 5 टक्के. दोन-तीन चर रस्त्याला काटकोनात असावेत, म्हणजे रस्ता, घराचा दर्शनी भाग, मागची बाजू आणि परसातले खड्डे एकाच चरात येतात. किमान एक चर मूळ अस्पर्श मातीपर्यंत न्या. तीन गोष्टी कळल्याशिवाय अंदाजपत्रक करू नका: वस्तीचे थर एकूण किती जाड आहेत, पाणी कुठे लागते, आणि ओल्या थरांत लाकूड, चामडे, बिया टिकल्या आहेत का. तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. ओले लाकूड बाहेर आल्यावर त्याची सोय शोधत बसायला वेळ नसतो. जागेवरच्या कामाला जितका काळ, तितकाच आणि बहुधा त्याहून जास्त नंतरच्या अभ्यासाला लागतो, हेही पहिल्याच दिवशी पैशात मांडा.

चौकटी की मोकळे क्षेत्र

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या पद्धतीत चौकोनी खड्डे घेतात आणि मध्ये न खणलेले बांध ठेवतात. थरांचा उभा छेद सतत डोळ्यांसमोर राहतो, हा तिचा मोठा गुण. पण लाकडी घराची भिंत म्हणजे मातीतली वीतभर रुंद काळसर पट्टी. ती नेमकी बांधाखाली गेली की खोल्यांचा मेळ लागत नाही. इंग्लंडमधल्या विंचेस्टरला 1961 ते 1971 या काळात पुरातत्त्वज्ञ मार्टिन बिडल यांच्या देखरेखीखाली मोठी क्षेत्रे सलग उघडली गेली, आणि नगरांच्या उत्खननात पुढे हीच रीत रुळली. आमचे मतही तेच: क्षेत्र मोकळे ठेवा आणि गरज पडेल तिथे तात्पुरता उभा छेद घ्या. तो काढून, मोजून झाला की उरलेली माती उचलून मोकळे व्हा. कायमचे बांध नकोत.

जमिनीवर 5 × 5 मीटरचे जाळे आखा. मूळ बिंदूला शून्य देऊ नका. पूर्वेला 100 आणि उत्तरेला 200 अशी सुरुवात करा, म्हणजे उद्या पश्चिमेला क्षेत्र वाढले तरी उणे आकडे येणार नाहीत. प्रत्येक चौकोन त्याच्या नैऋत्य कोपऱ्याच्या आकड्यांनी ओळखा. उंचीसाठी दोन कायम खुणा खणायच्या क्षेत्राबाहेर ठेवा. एक यंत्राखाली चिरडली गेली तरी दुसरी राहते. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे तिपाईवरचे यंत्र) रोज सकाळी ज्ञात बिंदूवर तपासा. फरक 1 सेंटीमीटरहून जास्त आला तर कारण सापडेपर्यंत मोजणी थांबवा. बहुतेक वेळा तिपाईचा एखादा पाय रात्रीत मातीत रुतलेला असतो.

मातीचा हिशेब आधीच करा. 40 × 25 मीटरचे क्षेत्र दोन मीटर खोल गेले की 2000 घनमीटर माती निघते. सुटी झाली की ती साधारण पाव पटीने फुगते, म्हणजे 2500 घनमीटर ठेवायला जागा हवी. ढीग न खणलेल्या भागावर घातला तर पुढे तीच माती दुसऱ्यांदा उचलावी लागते. काठापासून ढीग निदान दोन मीटर लांब ठेवा.

खोली वाढली की दुसरा हिशेब सुरू होतो. मातीचा एक घनमीटर दीड ते दोन टन भरतो, आणि कडा ढासळते तेव्हा पळायला वेळ मिळत नाही. 1.2 मीटरच्या खाली जाताना आधार लावा किंवा पायऱ्या ठेवा. 3.6 मीटर खोल जायचे असेल आणि दर 1.2 मीटरवर तितक्याच रुंदीची पायरी ठेवली, तर प्रत्येक बाजूने 2.4 मीटर कमी होतात. वर 1000 चौरस मीटर (40 × 25) असलेले क्षेत्र तळाला सुमारे 711 चौरस मीटरच उरते. सर्वांत जुने नगर तळाशी असते, म्हणून हा आकडा आराखड्यात सुरुवातीलाच घ्या.

वरचा अलीकडचा राडारोडा पोकलेनने काढायला हरकत नाही. बकेट बिनदातांचे, सपाट ओठांचे, दीड ते दोन मीटर रुंद हवे. एका फेरीत 5 ते 10 सेंटीमीटरच काढायचे आणि यंत्र मागे मागे सरकत जायचे. उघडलेल्या पृष्ठभागावर त्याचे चाक किंवा साखळी पुन्हा चढता कामा नये. एक जाणकार माणूस बकेटच्या बाजूला, चालकाला दिसेल असा, पूर्णवेळ उभा हवा.

एक घटक, एक क्रमांक

इथून पुढे खरे काम. ज्या एका कृतीने किंवा घटनेने मातीत बदल झाला, तो एक घटक: पसरलेला थर, बांधलेली भिंत, खणलेला खड्डा, त्यात पडलेली भर. खड्ड्याची पोकळी आणि तिच्यातली भर हे दोन वेगळे घटक आहेत आणि दोघांना वेगळे क्रमांक हवेत. नवख्या गटात हीच गोष्ट सर्वांत जास्त चुकते.

प्रत्येक घटकासाठी क्रम असा:

1. थापीने पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करा. कोरडी माती सगळी एकाच रंगाची दिसते, म्हणून फवाऱ्याने हलके पाणी मारा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. भर आणि भोवतालची माती वेगवेगळ्या वेगाने सुकतात, तेव्हा कडा उमटतात. सकाळचे आणि संध्याकाळचे तिरपे ऊन यासाठी उत्तम, भर दुपारचे निरुपयोगी.
2. सर्वांत शेवटी झालेला घटक शोधा. ज्याची पूर्ण कड दिसते आणि ज्याला दुसरे काही छेदत नाही, तो.
3. क्रमांक घ्या, फोटो काढा. फोटोत मोजपट्टी, उत्तर दिशा आणि क्रमांकाची पाटी हवी.
4. त्या एकाच घटकाचा आडवा नकाशा 1:20 मापात पारदर्शक पॉलिस्टर फिल्मवर काढा. उंचीचे आकडे कडांवर आणि मध्यावर घ्या. सगळे नकाशे एकाच जाळ्यावर असल्याने फिल्म एकमेकांवर ठेवून कोण कोणाच्या वर आहे ते पडताळता येते.
5. नोंदपत्रकात रंग, पोत, घट्टपणा, मिसळ (कोळसा, चुना, हाडे, विटांचे तुकडे) आणि त्यांचे अंदाजे प्रमाण लिहा. वर कोण आणि खाली कोण, हे रकाने रिकामे असलेले पत्रक स्वीकारू नका.
6. मगच माती काढा, आणि फक्त त्या घटकाची काढा. खालचा थर दिसताच थांबा.
7. घटक मेट्रिक्समध्ये त्याच दिवशी टाका.

मेट्रिक्स म्हणजे पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी 1973 साली मांडलेली आकृती. तिच्यात घटक फक्त काळाच्या क्रमाने जोडलेले असतात. खोली आणि आकार यांना तिथे स्थान नाही. हे महत्त्वाचे का, ते एका घरात पाहू. चोपलेल्या मातीची जमीन आहे, क्रमांक 214. तिच्यावर राखेचा थर, 213. दोन्ही छेदून दीड मीटर खोल खड्डा खणला, 210. त्याच्या तळाला हिरवट भर, 212. त्यावर राडारोडा, 211. सगळ्यावर नवी जमीन, 205. नव्याकडून जुन्याकडे क्रम असा लागतो: 205, 211, 212, 210, 213, 214. आता कोणी 210 हा क्रमांक दिलाच नाही असे समजा. मग 212 मधली खापरी उंचीच्या आकड्यांत 214 च्या दीड मीटर खाली दिसते आणि कागदावर घराच्या आधीची ठरते. प्रत्यक्षात ती घरानंतरची आहे. अशा दहा खड्ड्यांनी त्या भागाचा सगळा कालक्रम उलटा होतो.

आकृतीत अनावश्यक रेषा ठेवू नका. 205 हा 211 च्या वर आणि 211 हा 212 च्या वर असेल, तर 205 ते 212 अशी वेगळी रेषा काढायची गरज नाही. आणि कुठेही रेषा फिरून स्वतःच्याच घटकाकडे परत आली, तर जागेवर काहीतरी चुकीचे वाचले गेले आहे. असे वर्तुळ त्याच आठवड्यात सोडवा. थर उचलून झाल्यावर ते सुटत नाही.

जिथे हमखास फसायला होते

भर बसते. खड्ड्यातला सेंद्रिय कचरा कुजून दबतो आणि वरची जमीन त्या जागी खोलगट होते. घरातल्या माणसांनी ती पुन्हा पुन्हा माती घालून सपाट केलेली असते. खणणारा वरून आला की त्याला एक गोल डाग दिसतो आणि तो सगळे ‘खड्ड्याची भर’ म्हणून उपसतो. हे डागडुजीचे थर खड्ड्याहून पन्नास-शंभर वर्षांनी नवे असू शकतात. ओळखायची खूण अशी: खऱ्या भरीच्या कडेला उभा, तुटक काठ असतो, बसलेली जमीन मात्र काठापाशी न तुटता बाहेरच्या जमिनीला सलग जोडलेली असते. शंका आली तर डागाच्या मध्यातून अरुंद पट्टी खणून उभा छेद पाहा.

उपसून नेलेल्या पायांचे चर वैताग देतात, कारण हाती लागतो तो चुन्याचा चुरा आणि फुटके दगड. तरी त्यांना भिंतीइतकीच काळजी द्या. विंचेस्टरच्या जुन्या मिन्स्टरचा (तिथल्या मोठ्या चर्चचा) आराखडा मुख्यतः अशाच चरांवरून उभा राहिला. बहुतेक दगड केव्हाच गेले होते. उपसणाऱ्यांनी दगड शोधत पायाच्या कडेनेच खणलेले असते, त्यामुळे चराची रेषा म्हणजे भिंतीची रेषा. दोन तारखा वेगळ्या ठेवा. चरातली भर उपसण्याची तारीख सांगते, बांधण्याची नाही. बांधणीच्या तारखेसाठी चराच्या तळाशी राहून गेलेला मूळ पायाचा तुकडा आणि त्याखाली अडकलेला थर शोधा.

लाकडी घराच्या जमिनी कधीकधी 1-2 सेंटीमीटर जाडीच्या असतात आणि अशा वीस-पंचवीस एकावर एक बसतात. प्रत्येकीला वेगळा क्रमांक देण्याचा हट्ट चुलीभोवती आणि दारापाशी धरावा. उरलेल्या खोलीत, पापुद्रे सुटे होत नसतील, तर त्यांचा गट करून काढा आणि तसे पत्रकात लिहा. एका कोपऱ्यातून मातीचा अखंड ठोकळा सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी पेटीत कापून घ्या. केर कुठे साचला, गवत कुठे अंथरले, जनावरे आत बांधली होती का, हे त्यात दिसते.

परसाची एकजीव काळी माती वेगळीच गोष्ट. मशागतीने, मुळांनी आणि गांडुळांनी ती इतकी घुसळलेली असते की थर दिसतच नाहीत. तिथे 10 सेंटीमीटरचे कृत्रिम टप्पे घ्या आणि ते कृत्रिम असल्याचे नोंदवा. वरून ती निरस वाटते, पण अनेक खड्ड्यांची तोंडे तिच्यातच हरवलेली असतात, म्हणून खड्डा नेमका कुठल्या पातळीवरून खणला हे तिथे ठामपणे लिहू नका.

विहिरीत आणि खोल शौचकूपात 1.2 मीटरनंतर हाताने खणत उतरू नका. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो आणि दगडी आतले कडे एका बाजूने मोकळे झाले की अख्खे आत येते. बाहेरून क्षेत्र खाली नेत जा आणि विहीर टप्प्याटप्प्याने कापून उतरवा. तेही शक्य नसेल तर यांत्रिक बोअरने तळाचा नमुना घ्या.

मानवी अस्थी लागल्या तर काम थांबवून कायद्यानुसार कळवा. परवानगी आणि अस्थितज्ज्ञ या दोन्ही गोष्टी आल्यावरच पुढे जा.

वस्तू आणि नमुने

खापऱ्या आणि हाडे घटकानुसार पिशवीत भरा. पिशवीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर लावा, दोन्ही न पुसणाऱ्या शाईने. नाणी, मोहरा, दागिने, हत्यारे यांना स्वतंत्र क्रमांक द्या आणि त्यांची जागा तिन्ही मापांत (पूर्व, उत्तर, उंची) नोंदवा. खापऱ्या मऊ ब्रशने धुता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यांच्या आतला काळा थर राहू द्या. त्यात स्निग्ध पदार्थांचे अंश असतात. लोखंड कधीच धुऊ नका. ते हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत, आर्द्रता 15 टक्क्यांच्या आत राहील असे ठेवा आणि एक्स-रे काढा. गंजाचा बेढब गोळा दिसतो, आत कुलूप निघते. ओले लाकूड आणि चामडे नेमके उलट: ओले, थंड, अंधारात. दुपारभर उन्हात राहिलेली ओली फळी तडकते, वाकते आणि पुन्हा पूर्वपदावर येत नाही.

बियांसाठी प्रत्येक चांगल्या घटकातून 40 लिटर माती घ्या. घटक लहान असेल तर सगळी. पाण्यात तरंगवताना वर येणारा भाग 0.25 ते 0.3 मिलिमीटर जाळीत आणि खाली बसणारा 0.5 ते 1 मिलिमीटर जाळीत पकडा. शौचकूपाच्या हिरवट भरीतून थोडी माती न चाळता हवाबंद डब्यात थंड जागी ठेवा. जंतांची अंडी आणि किड्यांचे अवशेष त्यात शोधतात. ‘चांगला घटक’ म्हणजे बंदिस्त आणि एकाच वेळचा. नमुन्यांची संख्या वाढवायची म्हणून राडारोड्याच्या भरीतून पिंपे भरत बसलात तर प्रयोगशाळेचे पैसे वाया जातात.

तारीख लावताना

नगरात प्रत्येक नवा खड्डा जुनी माती वर आणतो. त्यामुळे तेराव्या शतकातल्या भरीत अकराव्या शतकाच्या खापऱ्या बहुसंख्य असू शकतात. बहुमताने तारीख ठरवू नका. भरीतली सर्वांत नवी, आणि उंदराच्या बिळातून घसरून न आलेली, वस्तू पाहा; भर तिच्या काळाची किंवा तिच्यानंतरची. खापऱ्यांची संख्या, वजन आणि सरासरी आकार तिन्ही नोंदवा. लहान, झिजलेले तुकडे बहुधा जुने आणि हिंडून आलेले असतात. मोठे, एकमेकांना जुळणारे तुकडे त्याच काळी फेकलेले. नाणे फार काळ हातोहात फिरू शकते, म्हणून टांकसाळीचे वर्ष हे थराचे वर्ष नव्हे.

ओले लाकूड मिळाले तर वृक्षवलयांइतकी (खोडात दरवर्षी वाढणाऱ्या कड्यांइतकी) नेमकी तारीख दुसऱ्या कशाने मिळत नाही. किमान 50 वलये असलेल्या तुळईतून 5 ते 10 सेंटीमीटर जाड चकती कापा आणि साल शाबूत असलेली बाजू निवडा, म्हणजे झाड तोडल्याचे वर्ष निघते. रशियातल्या नोव्हगोरोदला 1951 ते 1962 च्या नेरेव्स्की उत्खननात एकाच रस्त्याच्या लाकडी फरसबंदीचे 28 थर निघाले, आणि वलयांवरून त्यांची साखळी 953 ते 1462 अशी लागली. रस्ता असा तारखांनी भरला की त्याला भिडलेल्या घरांचे थरही त्याच्याशी जोडता येतात. पण लाकूड पुन्हा वापरलेले नाही ना, हे आधी पाहा. जुन्या खाचा, आता कशालाच न जुळणारी भोके ही त्याची खूण. रेडिओकार्बनसाठी (सेंद्रिय वस्तूतल्या कार्बनवरून वय काढण्यासाठी) लाकडी कोळशापेक्षा एका हंगामातली जळकी बी किंवा धान्याचा दाणा पाठवा. खोडाच्या गाभ्यातला कोळसा तारीख सहज शंभर वर्षे मागे नेतो.

आगीचे थर मोह पाडतात. नॉर्वेतल्या बर्गेनला 1955 च्या आगीनंतर ब्रिगेन धक्क्यावर पुरातत्त्वज्ञ आस्ब्योर्न हेर्टेइग यांनी खणले, तेव्हा जळके थर लिखित नोंदींतल्या आगींशी जोडून कालक्रम बांधता आला. ते साधले कारण थर मोठ्या क्षेत्रावर सलग होते. एका खोलीतली राख मात्र नगराच्या आगीला जोडू नका. जळका थर निदान दोन-तीन भूखंड ओलांडून सलग जातो का ते आधी तपासा.

चर बुजवण्याआधी

तळाला मूळ माती लागली असे वाटले की तिच्यात एक लहान खड्डा आणखी अर्धा मीटर खणून पाहा. पुराने आणलेला स्वच्छ गाळ मूळ मातीसारखाच दिसतो आणि त्याखाली वस्ती असू शकते. नंतर सगळे घटक क्रमांक मोजा: प्रत्येकाला पत्रक, नकाशा, फोटो आणि मेट्रिक्समधली जागा आहे का. एकही रकाना रिकामा असेल तर चर उघडाच राहू द्या. डिजिटल नोंदींच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत ठेवा.

उरलेल्या भिंतींवर पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, त्यावर 10-15 सेंटीमीटर धुतलेली वाळू, मग काढलेली माती 30 सेंटीमीटरच्या थरांत घालून दाबत या. प्लास्टिकचा कागद वापरू नका. त्याखाली ओल कोंडते आणि चुना सुटतो. भिंतीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी भरत आणा, नाहीतर एका बाजूच्या मातीचा भार तिला ढकलतो. क्षेत्राच्या कोपऱ्यांचे आणि बुजवलेल्या तळाच्या उंचीचे आकडे अहवालात द्या, आणि कापडाच्या कडेला चालू वर्षाची पत्र्याची पट्टी ठेवा.